शिगेचं माप

माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला वाईट वाटायला नको. मी बेळगावातल्या शहापूरची, साड्या विणणाऱ्या मागवाल्याच्या घरातली. साडीच्या पन्ह्यात बोटभर फरक पडला तरी व्यापारी माल परत करायचा आणि वडील दिवसभर जेवायचे नाहीत. त्यामुळं आमच्या घरात मापाला फार मान. मी गणिताची शिक्षिका झाले तेव्हा वडील म्हणाले, "बरं झालं, घरातली खोड कामाला लागली." लग्न होऊन संकेश्वरजवळच्या एका गावात आले, शेतकऱ्याच्या घरात, आणि गावाला लागूनच असलेल्या मिशनच्या मराठी शाळेत नोकरीला लागले. शाळा ख्रिस्ती. पोरं बहुतेक आमच्यासारख्या हिंदू शेतकऱ्यांची, थोडी ख्रिस्ती घरांतली.

मुख्याध्यापिका ख्रिस्ती होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. मी पहिल्याच आठवड्यात वेळापत्रकावरनं त्यांच्याशी कडाडून भांडले, आणि भांडण संपल्यावर त्यांनी मला आपल्या डब्यातली चटणी वाढली. त्यानंतर मी त्यांना आक्का म्हणायला लागले आणि अहो-जाहो आपोआप गळून पडलं. आक्का मूळची गुंजीकडची, भाताच्या मुलखातली. लग्न केलं नव्हतं. बेळगावात दोन खोल्यांत एकटी राहायची आणि रोज पहाटेची बस धरून शाळेत माझ्याआधी हजर असायची. राग म्हणून तिला येतच नसे. ते काम दोघींच्या वाटचं मी करायची.

मग एके दिवशी शाळा चालवणाऱ्या मिशनच्या ट्रस्टच्या ऑफिसातून निरोप आला. मराठी विभागात, म्हणजे आमच्या शाळेत, पोरं कमी होत चालली आहेत, तेव्हा शाळेनं स्वतःचा अभ्यासक्रम तयार करावा. त्यात ख्रिस्ती विश्वासही हवा आणि सरकारी अभ्यासक्रमाची पातळीही हवी, दोन्ही एकजीव. तो पसंत पडला तर मराठी विभाग चालू राहील. नाही पडला तर पुढच्या जूनपासून कुलूप. आक्कानं मला बोलावलं आणि म्हणाली, "विश्वासाचं मी बघतो, पातळीचं तू बघ." आमच्याकडं बायकाही करतो, येतो असंच म्हणतात.

मी म्हटलं, "अगं, मी हिंदू. तुमच्या ट्रस्टला चालंल काय?"

"गणित कुठल्या धर्माचं असतंय सांग, मग विचार करतो," ती म्हणाली.

झालं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी माहेरी जाण्याचं निमित्त काढून तिच्याबरोबर बेळगावच्या बसमध्ये बसायची. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचं काम चालायचं. सुरुवातीचे धडे काय होते म्हणून सांगू! मेंढपाळाची इतकी मेंढरं होती, इतकी हरवली, तर उरली किती. मी वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आक्का, मेंढरांच्या जागी लिंबं घातली तर काय फरक पडतोय? माझ्या गणिताला तुझ्या प्रभूचा डगला घालू नकोस. गणिताला घाम येतो आणि प्रभूलाही बरं दिसत न्हाय." ती हसून हसून खोकायला लागली. मग तिनं तो कागद स्वतःच फाडला.

त्यातूनच आमचे दोन नियम झाले. माझा नियम, धडा असा पाहिजे की एसएसएलसीच्या, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या दहावीच्या, परीक्षेला बसणाऱ्या पोराला त्याचा नक्की उपयोग झाला पाहिजे. तिचा नियम जरा वेगळा होता. प्रत्येक धडा लिहून झाला की ती पेन खाली ठेवायची आणि विचारायची, "तुझ्या घरी चालंल काय गं हे?" म्हणजे असं, की पोरानं घरी जेवताना तो धडा सांगितला तर कुठल्याही घरात कुणी ताट सरकवून उठायला नको. मी माझ्या सासरचं जेवणाचं पान डोळ्यांपुढं आणायची. एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला धाकटे दीर, जे गावच्या देवस्थान कमिटीत होते आणि ज्यांचं मत सगळ्या गावाला लागायचं. मग मी सांगायची, हे चालंल, हे न्हाय. आक्का निमूट खोडायची. मला कधी कधी वाईट वाटायचं की तिचं इतकं खोडलं जातंय. तिला नाही वाटायचं. ती म्हणायची, "कुणाचं जेवण मोडून सांगितलेली गोष्ट देवाची नसती."

पण एकजीव काही होईना. तिचा भाग वेगळा दिसायचा, माझा वेगळा, शिवण उठून दिसायची. विणणाऱ्याच्या लेकीला ती शिवण दिसणारच की.

एका शनिवारी दुपारी ती भात टाकायला उठली. तिच्या आईचा पितळी शेर होता, कड जराशी चेपलेली. डब्यातनं शेर भरून काढला आणि काठाच्या वर आलेली टोकदार रास, म्हणजे शीग, तशीच ठेवून पातेल्यात ओतला. थोडे दाणे खाली सांडले. मला राहवेना.

"आक्का, हे काय माप झालं? वरनं हात फिरव की."

"खायला घालताना कुठं हात फिरवत्यात काय गं?" ती म्हणाली. "आमच्या शास्त्रात, बायबलात बी तेच हाय. द्यायचं तर शीग लावून द्यायचं."

मी तिच्या हातातनं शेर घेतला, परत भरला आणि टेबलावर ठेवून बघत बसले. खाली वृत्तचिती, वर शंकू. दहावीचा धडाच समोर मांडलेला. शीग लावली की शेरात किती जास्त बसतं हे काढायचं म्हणजे शंकूची उंची मोजायची, घनफळ काढायचं. तांदळाची शीग वेगळी, जोंधळ्याची वेगळी, कारण दाणा वेगळा घसरतो. इथं विज्ञानही आलं. आणि ती शीग म्हणजे माणूस न मागता जे जास्तीचं देतो ते. मी ओरडलेच. आक्का घाबरून म्हणाली, "भाजलं काय कुठं?" मी म्हटलं, "भाजलं न्हाय, जुळलं!" त्या दिवशी भात करपला आणि आम्ही तो चवीनं खाल्ला. इतकी खुशी मला माझ्या बी.एड.च्या निकालालाही झाली नव्हती.

दहावीच्या वर्गात हा धडा घेऊन बघितला. पोरांनी घरनं शेर, मापटी, चिपटी आणली. जोंधळा, तांदूळ, सोयाबीन. वर्गभर दाणे, पायाखाली करकर. मी फळ्यावर शंकू काढला आणि विचारलं, खरं माप कुठलं, हात फिरवलेलं की शीग लावलेलं? दोन्ही बाजूंनी कल्ला सुरू झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातनं शब्द न काढणारी, उठून म्हणाली, "बाई, आमची आई विकताना हात फिरवती आणि देताना फिरवत न्हाय." मग एकेक पोर सांगायला लागलं, आमच्यात पण, आमच्यात पण. ख्रिस्ती घरचं, मराठ्याचं, लिंगायताचं, सगळ्यांच्यात तसंच. दारात उभी राहून आक्का ऐकत होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "बघ, कुठंच खोडायला लागलं न्हाय."

हा एक धडा जमल्यावर बाकीचे भराभर सुचत गेले. बीईओ ऑफिसातल्या, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडच्या, गणित-विज्ञानाच्या जाणकारांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, पातळीला कुठं कमी नाही. आता ट्रस्टचे साहेब येऊन बघणार आणि ठरवणार, एवढंच उरलं होतं.

धड्याचा शेवट असा होता की पोरांनी शीग मोजून झाल्यावर ते माप कुणाला तरी द्यायचं. नुसती बेरीज-गुणाकार करून पोतं घरी न्यायचं नाही. शाळेच्या आवारातच चर्च आहे. तिथं पिकाचा सण जवळ आला होता. त्या रविवारी ख्रिस्ती लोक आपापल्या रानातलं काही ना काही आणतात, कुणी उसाची मोळी, कुणी भोपळा, कुणी कोंबडी, आणि वेदीपुढं ठेवतात. आक्काचा जन्म त्यातच गेलेला. ती सहज म्हणून गेली, पोरांचं धान्य पिकाच्या सणाला ठेवू, तिथनं ते गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना जातंय. मीही मान डोलावली. वर्षभर एकेक शब्द गाळून घेणाऱ्या आम्ही दोघी, पण त्या दिवशी ती विचारायचं विसरली आणि मी डोळ्यांपुढं पान आणायचं विसरले.

दोनच दिवसांत ते पान माझ्यापुढं आलं. मी भाकरी वाढत होते. धाकटे दीर म्हणाले, "वैनी, पोरांच्या हातनं चर्चमध्ये धान्य वाहाय लावणार म्हणं. गावात लई बोलालेत." मी समजावून सांगितलं, घनफळ, शीग, म्हातारी माणसं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही हो तो. पण म्हणाले, "तुमचं सगळं खरं. पर देवाम्होरं कुणाचं नाव घिऊन वाहायचं, हे घरानं ठरवायचं असतंय." आणि ताट सरकवून उठले. माझ्याच घरात, माझ्याच हातची भाकरी अर्धी टाकून.

दुसऱ्या दिवशी मी आक्काला सांगितलं. वाटलं होतं रडेल. रडली नाही. खिडकीतनं पोरांकडं बघत म्हणाली, "त्यांचं बरोबर हाय. माझंच ध्यान सुटलं." मग दहावीच्या वर्गात जाऊन तिनं सांगितलं, ज्यानं त्यानं घरी विचारा, घरचे सांगतील तिथं माप रितं करा. मात्र शीग काढायची न्हाय.

त्या रविवारी चर्चमध्ये ख्रिस्ती पोरांनी आपली मापं ठेवली. आणि सोमवारी बाकीची पोरं वाजतगाजत गावच्या देवळात गेली, कारण तिथं भंडारा होता आणि सगळ्या घरांनी तेच सांगितलं होतं. आक्का त्यांच्याबरोबर चालत गेली. पोरं शाळेतनं निघाली होती, त्यांना एकटं कसं सोडायचं, असं तिचं म्हणणं. देवळात ती गेली नाही, पायरीशी चपला घालून उभी राहिली आणि एकेकाच्या मापावर नजर ठेवून होती. "हळू, शीग ढळंल," एवढंच म्हणत होती. धाकट्या दिरांनी स्वतः तिला खुर्ची आणून दिली. चहा दिला. दुसऱ्या दिवशी गावातल्या कुणीतरी बाईनं चर्चच्या पाळकांकडं दोन भोपळे पाठवून दिले, पिकाच्या सणाला द्यायचं राहिलं होतं म्हणून. मला वाटलं, जिंकलो. काय तो मूर्खपणा माझा!

देवळाच्या पायरीशी आक्का उभी आहे आणि पोरं धान्य ओततायत असा फोटो कुणीतरी कौतुकानंच मोबाईलवर टाकला. फिरत फिरत तो ट्रस्टच्या ऑफिसात पोचला.

साहेब आले. मला वाटलं होतं खडूस असतील, मी भांडायची तयारी करून आले होते. पण सज्जन माणूस. सकाळपासून बसून त्यांनी सगळे धडे वाचले. शीग मोजायच्या धड्यावर थांबले, परत वाचला आणि म्हणाले, "इतकं सुंदर काम आमच्या एकाही शाळेत झालेलं नाही." मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, पण ते धान्य देवळात कसं गेलं?"

मी पायानं आक्काचा पाय दाबला. तिनं म्हटलं असतं की पोरांनी आपल्या मनानं नेलं, तर तिथंच मिटलं असतं. आक्का म्हणाली, "मी पाठवलं."

साहेबांनी तोड काढली, हे मला आजही मान्य करावं लागतं. ते म्हणाले, "वरच्या लोकांना मला उत्तर द्यायचंय. तुम्ही फक्त लिहून द्या की ती चूक झाली, आणि इथून पुढं या धड्यातलं दान चर्चमध्येच होईल. ज्यांना द्यायचं नाही त्यांनी देऊ नये. बाकी सगळं मी आजच मंजूर करतो. मराठी विभागाला हात लागणार नाही."

आक्कानं विचारलं, "आणि पोरांना काय सांगू? तुमचं माप चुकीच्या जागी पडलं म्हणून?"

"पोरांना काही सांगू नका. फक्त आम्हाला लिहून द्या."

तिनं विचार करायला आठवडा मागून घेतला. तो आठवडा मी तिच्या मागं हात धुऊन लागले. बसस्टॉपवर, स्टाफरूममध्ये, तिच्या स्वयंपाकघरात. हात जोडले, ओरडले. "लिही की गं! दोन ओळी! तू मनात काय मानतीस ते तुझा देव बघंल की. इथं पोरांचं आयुष्य हाय."

ती म्हणाली, "तुझ्या गणितात उत्तर खोटं लिहून मार्क देतीस काय?"

"हे गणित न्हाय आक्का!"

"मग वर्षभर आपण काय करालतो? दोन्ही एकच हाय, हेच लिहीत हुतो न्हवं?"

रागानं मी तिच्या घरातनं निघून आले आणि शहापूरपर्यंत चालत गेले, रस्त्यात रडत. आठवडा संपल्यावर तिनं साहेबांना फोन करून सांगितलं की पोरांनी केलेलं बरोबर होतं, त्याला चूक म्हणून लिहिता येणार नाही.

जूनमध्ये मराठी विभागाला कुलूप लागलं. ट्रस्टनं बेळगावच्या इंग्रजी शाळेसाठी बाहेरचा तयार अभ्यासक्रम घेतला, गुळगुळीत कागदाचा, चित्रांचा. आमची काही पोरं कन्नड शाळेत गेली आणि वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसली. काही मराठी शाळेसाठी निपाणीला पाव्हण्यांकडं राहिली. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला दहावीला गणितात चांगले मार्क पडले, पण तिच्या धाकट्या बहिणीचं शिकणं थांबलं, कारण पोरीला रोज इतक्या लांब पाठवायला घरचे तयार होईनात. ती बहीण मला बाजारात दिसते. "बाई, बरं हाय न्हवं?" म्हणते, हसते. मी तिच्याशी दोन शब्द बोलून वळते आणि मला आक्काचा राग येतो. असा राग येतो की वाटतं तिच्या दारात जाऊन विचारावं, तुझ्या खरेपणाची किंमत ही पोरगी का म्हणून देते? आणि लगेच आठवतं की ती पायरीशी उभी होती, चपला घालून, परक्या देवाच्या दारात, आमच्या पोरांची शीग ढळू नये म्हणून. मग मला कुणाचाच राग करता येत नाही. नुसतं आत तुटतं.

मी आता निपाणीच्या एका शाळेत शिकवते. पुस्तकात शंकू शिकवायला विदूषकाची टोपी दिली आहे. मी टोपीच शिकवते.

आक्का तेव्हाच निवृत्त झाली. बरेच महिने मी तिच्याकडं गेले नाही. तोंड कसं दाखवायचं, आणि दाखवून काय बोलायचं, दोन्ही कळत नव्हतं. परवा माहेरी आले होते, पाय आपोआप तिच्या घराकडं वळले. दार उघडून ती म्हणाली, "आलीस? जेवूनच जा." जणू मी गेल्या शनिवारीच गेले होते. केस सगळे पांढरे झालेत. टेबल तेच, त्यावर आता नुसती औषधाची बाटली आणि पाण्याचा तांब्या. शाळेचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं विचारलं. धाकट्या दिरांचं विचारलं, खुर्ची आणून दिलती त्यांनी, असंही म्हणाली.

मग ती भात टाकायला उठली. डब्यातनं पितळी शेर भरून काढला. छान शीग आली होती, टोकदार, पांढरी. आणि तिनं त्यावरनं हात फिरवला. सावकाश, तळहातानं, कडेला कड मिळवून. वरचे तांदूळ परत डब्यात पडले.

याच टेबलाशी बसून एकदा मीच तिला म्हटलं होतं, वरनं हात फिरव की. आता तिनं आपणहून फिरवला.

"आक्का," मी म्हटलं, "शीग?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "कुणासाठी गं?"

तिनं डब्याला झाकण लावलं आणि तांदूळ धुतले. आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो. भात अगदी पुरेसा झाला होता, पातेल्यात एक शीतही उरलं नाही.